मापाचं कार्ड

बार्कोत्सी, एतेल्का. आडनाव आधी,
असं तिनंच लिहायला लावलं.
छाती अडतीस, कंबर एकोणतीस,
डावा खांदा अर्धा इंच खाली.
पेन्सिलीनं लिहिलं, कारण कंबर बदलते.
स्टुडिओच्या कागदांवर ती एटा बार्क होती.
बार्क म्हणजे भुंकणं, हे मीच तिला सांगितलं, तोंडात टाचण्या धरून.
ती म्हणाली, "बरंच की. चावणं शिल्लक ठेवलंय."

बुडापेस्टात म्हणे नायिका होती,
दोन हंगाम, छत गळणाऱ्या एका थिएटरात.
मग बोट. मग क्लीव्हलंड, चर्चचं तळघर,
पोलादाच्या भट्टीवरून परस्पर आलेले प्रेक्षक,
पहिल्या रांगेला काजळी, आणि त्यांचं रडणं अगदी खरं.
मग न्यूयॉर्कला अकरा रात्री स्वयंपाकीण,
बाराव्या रात्री नाटकच बंद.
मग इथं, माझ्या आरशासमोर, हात वर करून.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
तिच्या जिभेला होतं.
प्रत्येक शब्दाच्या पहिल्या पायरीवर ती पाय आपटायची
आणि उरलेला शब्द जिन्यावरून घरंगळत जायचा.
तिच्या भाषेत तो आणि ती एकच;
चिडली की नवऱ्याला 'ती' म्हणायची.
त्या एका हाडावर तिचं पोट चाललं.
मी तिला रशियन मावशी शिवली, इटालियन सासू,
भाडं मागणारी पोलिश बाई दोनदा,
व्हिएन्नाची सरदारीण, जिला एकच वाक्य,
"बर्फ पडतोय, महाराज."
हंगेरियन कधीच नाही.
मरायचीही फार. बहुतेक दुसऱ्या रिळात.

सत्तेचाळीस साली ती भविष्य सांगणारी म्हातारी झाली.
झालरीची शाल, तिच्यावर एकशे चाळीस नाणी,
एकेक मी हातानं टाचलेलं.
पटकथेत इतकंच होतं की म्हातारी परक्या भाषेत शाप देते.
दिग्दर्शक म्हणाला, काहीही बोल, ऐकून अंगावर काटा आला पाहिजे.
तिनं डोळे फिरवले, बोट थेट कॅमेऱ्यावर रोखलं
आणि घोगऱ्या आवाजात, थरथरत, बोलली.
दिवे धरणाऱ्या पोरानं छातीवर क्रूस काढला.
शाल उतरवताना मी विचारलं, काय बोललीस?

"म्हटलं, बोरिश्का, आईची कर्णफुलं पिसांच्या दुलईत शिवलीत,
पायथ्याकडच्या कोपऱ्यात. उसव आणि वीक.
तीन वर्षं पत्राला उत्तर नाही.
सिनेमा तरी पोचेल."

पोचला.
पुढच्या वसंतात आलेलं पाकीट तिनं माझ्याच खोलीत फोडलं,
आणि शिवणयंत्रावर डोकं टेकून इतकी हसली
की मला वाटलं रडतेय. तेही असेल.
बहिणीनं लिहिलं होतं,
शाप ऐकून सगळं थिएटर खो खो हसलं.
दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारी दुलईची चौकशी करत होते.
कुठली दुलई, एतेल्का?
वेढ्याच्या हिवाळ्यात ती अर्धं पोतं बटाट्यांना दिली.
बटाटे गारठून गोड झाले होते. खाल्ले.
आता जो कुणी तिच्यात झोपत असेल
त्याच्या पायाला काही टोचतं का, कुणास ठाऊक.

सकाळी सहाला ती हजर. फ्रेंच दाई.
मी टेप फिरवली, तेहेतीस, जुना आकडा खोडायला निघाले.
"खोडू नकोस," ती म्हणाली, "शेजारी लिही."
म्हणून या कार्डावर कंबरा पाच आहेत.

स्टुडिओ विकला तेव्हा कार्डं पोत्यांत भरून नेली.
हे मी आधीच पर्समध्ये टाकलं होतं, चोरी म्हणा हवं तर.
कधी मध्यरात्री तो सिनेमा टीव्हीवर लागतो,
खाली अक्षरं उमटतात, 'म्हातारी शाप देते',
मी तेवढ्यापुरता आवाज वाढवते.
मला त्यातला एकच शब्द कळतो.
बोरिश्का.